लहान होत जाणारा फासा

प्रिय धने,

फोन करणार होते, पण फोनवर तू हसवतेस, मीही हसते, अन् सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहितेय. शेजारचा कल्याण आज तुमच्या कोपरगावला निघालाय, त्याच्या हाती देते. मला भीती वाटतेय गं.

आमच्या उसाची तोड चालू आहे. पाटाच्या कडेला बिबट्याचे ठसे निघाले तेव्हा ऊस सगळा उभा होता. आता तोडत तोडत विहिरीकडचा तुकडा तेवढा राहिलाय. पाथर्डीहून आलेल्या टोळीतली बायडाबाई ऊस तोडते आणि तिची दोन वर्षांची सुकन्या बांधावर, उसाला अगदी खेटून, वाळक्या पाचटात खेळत बसते. दादा म्हणतात, इतके दिवस निघाला न्हाई, आता काय निघतोय, गेला असंल नदीकडं. टोळीवालेही तेच म्हणतात. रोज काही झालं नाही की त्यांचा धीर वाढतो आणि माझा सुटतो.

याला कारण तूच आहेस, बाई. होस्टेलवर तू गोष्ट सांगायचीस, आम्ही त्यातली माणसं व्हायचो, आणि वार बसला की हुकला ते फासा ठरवायचा. आपल्या खोलीतली सत्यशीला वीस बाजूंचा फासा टाकून एकटीच राक्षसावर धावून जायची. एक पडला म्हणजे सपशेल हार, तरी आम्ही हसून लोळायचो, कारण तू गोष्ट थांबू द्यायची नाहीस. तिची तलवार मोडली तर तिला कैदेत टाकायचीस, आणि कैदेतून भलतीच गोष्ट निघायची. मग तू तो जंगलाचा नियम काढलास. जनावर लपलंय, जंगल तुटेल तसा फासा लहान. आधी वीस बाजूंचा, मग बाराचा, मग आठचा, शेवटी चारचा. एक आला की जनावर बाहेर, आणि बाजू जितक्या कमी तितका एक यायचा धोका जास्त. चारचा फासा हातात आला की सत्यशीलासुद्धा तो माझ्याकडं सरकवायची. दादांना हे सांगितलं, तर म्हणाले, लई शिकून येडी झालीस, पोरी. त्यांना वाटतं अजून वीसचाच फासा चाललाय. आणि इथं एक पडला तर गोष्ट वळवून घ्यायला कुणी नाही.

वनखात्याचे लोक परवा पिंजरा आणतो म्हणालेत, आणि राहिलेल्या तुकड्याची तोड उद्याच आहे. तुझे बाबा साखर कारखान्यात कुणाची तोड कधी ते बघतात. त्यांनी आमची तोड दोन दिवस पुढं ढकलली तर पिंजरा लागेल. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून त्यांचं आणि दादांचं बोलणं नाही, म्हणून मी आजवर तोंड उघडलं नाही. आता पाया पडते, आजच्या आज त्यांना विचार. दादांना कळल्यावर घरात काय व्हायचं ते होऊ दे. सुकन्याला घरी आणून बघितलं, पण आई दिसली नाही की ती रडून निळी पडते. तेव्हा तुझे बाबा नाही म्हणाले तरी उद्या मी तिला मांडीवर घेऊन बांधावर बसणार आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तुझीच,
मोनिका