उंबऱ्याशी येता येता

चिंचवड,
९ फेब्रुवारी १९५८

प्रिय उद्धव,

आज रविवार, कारखान्याला सुट्टी, म्हणून लिहायला बसले. डोळे चुरचुरताहेत. दिवसभर औषधाच्या कुप्या दिव्यासमोर धरून आत कण दिसतो का पाहायचं, हेच माझं काम. तू पुण्याला गेलास तेव्हा पिंपरीत नुसता माळ होता. आता सगळं भोंग्यावर चालतं.

तुझं तत्त्व मला तोंडपाठ आहे. सुंदर ते दुरूनच सुंदर. हाती आलं की त्याची वस्तू होते. आपण एका गल्लीत वाढलो, तरी तुझ्या कवितांतली मी कायम पवनेच्या पलीकडं उभी. खोटं कशाला सांगू, वाचून मी हरखायचे.

गेल्या वर्षी ज्योतीरामदादाने तुला सरळ कार्ड टाकलं, शालनशी लग्न करणार की नाही? त्यावर तू कविता धाडलीस. अरे, कार्डाला कार्डाने उत्तर द्यावं! दादाने भावकी जमवून ती मोठ्याने वाचली:

उंबऱ्याशी येता येता वाट माझी सरू नये,
फूल डोळ्यांनीच घ्यावे, ओंजळीत धरू नये.

कुणाला काही उमगेना. शेवटी सोपानमामा म्हणाले, उंबऱ्याशी येतो म्हणतोय, म्हणजे होकारच की! आईने लगेच गल्लीत साखर वाटली. मला अर्थ कळला होता, पण आईचा चेहरा बघून जीभ रेटली नाही. तेवढी माझी चूक. मग नळावर बायका तारीख विचारायच्या. आई आधी दिवाळी सांगायची, मग संक्रांत. आता कुणी विचारत नाही, आणि तेच तिला जास्त लागतं. मीही दमले रे. रागावायलासुद्धा अंगात जोर लागतो.

गुरुवारी रंगराव बघायला आले. आमच्याच कारखान्यात फिटर आहेत, बिजवर, पदरी एक मुलगी. डोळे लाल का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि डॉक्टरला दाखवा म्हणाले. मी होकार दिला. लग्न पुढच्या महिन्यात आहे.

हे निमंत्रण नाही. एक मागणं आहे. हे वाचून तुला कविता सुचेल, आणि ती तुझी आजवरची सगळ्यात चांगली कविता होईल, कारण आता मी खरंच लांब गेले. ती छापू नकोस. रंगरावांच्या घरी मासिकं येत नाहीत, पण मी कुठून तरी मिळवून वाचेन, आणि पुन्हा हरखेन. मला संसार करायचाय, उद्धव.

तुझीच, हे शेवटचं,
शालन