भाकरीचा आवाज

१८ नोव्हेंबर, मंगळवार

"भाकरी थापायचा आवाज आला की घरात माणसं हायेत असं वाटतं." बाबा होते तेव्हा आई म्हणायची.

आम्हा बहिणींच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी 'काय केलं जेवायला?' चालतं. गावी कुरुंद्याला एकटी राहणारी आईही त्यावर बोलून पाठवते. आज म्हणाली, "अंबाडीची भाजी झाली, भाकरी करून राहिले." पण मागे थापण्याचा आवाजच नव्हता.

आईच्या शेजारच्या काकूंना फोन केला.

"तिचा गॅस चहापुरताच पेटून राहिला, माय! चहात टोस्ट बुडवती अन् निजती."

म्हणजे पिठलं, वांगी, अंबाडी... सगळं नुसतं बोलण्यातच शिजत होतं? आमच्यासाठी?

रागवू तरी कशी.

'कामं सोडून काहून येती?' म्हणेल, माहीत आहे. तरी बोलून पाठवलं, "आई, उद्या जेवायला येते. माझ्यासाठी दोन भाकरी थाप."