शेजारच्या सीटची पट्टी

३ जून
चि. दंतवैद्यमहाराजांस,
अनेक आशीर्वाद.
पत्र आणि गाडीचा फोटो पोचला. तीन वर्षं गॅरेजात बसून सुट्या भागांची पेटी जोडलीस, आता तिला स्पोर्ट्स कार म्हणतोस आणि चौदा तारखेला पंचाहत्तरीची भेट म्हणून बाबांना हायवेवर फिरवणार आहेस. काय दिवे लावलेस!

मी अठरा वर्षं गाड्यांच्या तपासणी केंद्रात आहे. दर महिन्याला तुझ्यासारखा एखादा शूर येतोच. गाडीचं वजन निम्मं, ताकद दुप्पट, एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि स्वारीला वाटतं आपण जन्मजात ड्रायव्हर. ओल्या वळणावर पाय जरा जोरात पडला की गाडी गर्रकन फिरते आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. आधी मोकळ्या मैदानावर चालवायला शीक. गॉगल लावून गाडी आवरत नाही.

आणि सीटबेल्टचे बोल्ट कशात बसवलेत? फोटो पाठव. पेटीतलं काही उरलंय का तेही कळव. कारखानदार शोभेसाठी जास्तीचं काही देत नसतात.

लोभ आहेच, तो टिकेल असं वाग.
तुझी ताई

७ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र वाचून चांगली करमणूक झाली. लोकांच्या गाड्यांखाली सरपटून तुला सगळं जग गळकंच दिसायला लागलंय. मी केसाच्या जाडीइतक्या फटी बुजवतो, बाईसाहेब!

फोटो सोबत आहे. माझ्या सीटमागे पेटीसोबतच्या पुस्तकात दिलीय तशी पोलादी पट्टी लावली. शेजारच्या सीटमागे तिची भोकं जुळेनात, म्हणून सीटबेल्टचा बोल्ट सरळ फायबरच्या बॉडीत बसवला आणि आमचं दातांचं सिमेंट भरलं. त्या सिमेंटवर बसवलेले दात पंधरा वर्षं टिकलेत. उरलेली पट्टी बाबांना दिली, ते तिच्यावर चहाचं गरम भांडं ठेवतात. त्यांनी सफरीसाठी नवी टोपी घेतलीय आणि रोज दिवस मोजतायत. त्यांच्या आनंदात माती कालवू नकोस.

लोभ असावा, टोमणे आवरते असावेत.
तुझा धाकटा

१० जून
चि. महाराजांस,
आशीर्वाद, नाइलाजाने.
स्वतःला पोलाद आणि बापाला सिमेंट! एवढं शिकून हे?

दात पडला तर माणूस हातात घेऊन तुझ्याकडे येतो. इथे कोण येणार? धडक बसली की बाबांचं सगळं अंग त्या एका बोल्टला ओढणार, आणि ते फायबर प्लास्टिकच्या बादलीच्या कानासारखं तुटणार. ती पट्टी बोल्टला गाडीच्या सांगाड्याशी जखडते. ती चहाच्या भांड्याखाली, आणि तू मला अक्कल शिकवतोस!

माझं ऐकू नकोस, मी पडले सरपटणारी. सीटवर गुडघा रोव आणि पट्ट्याला दोन्ही हातांनी हिसका दे. टिकला तरी बाबांना त्यात बसवायचं नाही, पण निदान तुझी मिजास तरी उतरेल.

मला भीती वाटतेय रे. भीती वाटली की मला असंच लिहिता येतं.
ताई

१५ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पाकिटात बोल्ट आहे. त्याला चिकटलेला पांढरा गोळा माझ्या सिमेंटचा, भोवतीचा तुकडा गाडीचा.

पत्र कालच मिळालं. बाबा टोपी घालून गाडीशी उभे होते. मी हसत हसत हिसका दिला. दुसऱ्या हिसक्याला पट्टा हातात आला आणि मी पाठीवर आपटलो. बाबा घरात गेले, चहाचं भांडं उतरवलं, पट्टी पुसून आणली आणि माझ्या हातात दिली. मला माझीच किळस आली.

गाडी जागची हलली नाही. तरी बाबा बंद गाडीत अर्धा तास बसले, टोपीसकट. रविवारी ये. बोल्ट आवळायचे तुझे पाने आण, आणि टोमणे हवे तेवढे आण, मी खाली मान घालून ऐकेन. खाली बाबांना दोन ओळी लिहायच्या आहेत.
तुझा धाकटा

चि. पोरी, आशीर्वाद. पट्टी कशाची ते मी त्याला विचारलंच नव्हतं. मुलानं शेजारी बसवलं की बाप बसतो, पट्टा ओढून बघत नाही. तू रागवत जा. मी चहाच्या भांड्याखाली आता फरशीचा तुकडा ठेवलाय.
बाबा