स्वयंपाकघरातला फळा

नावडे. दसरा, १९८४

संध्याकाळी केवढी चिडले होते, आत्ता हसू येतंय. गावाची शाळा नव्या इमारतीत गेली, या जुन्या दगडी इमारतीचे फ्लॅट झाले आणि चौथीचा वर्ग आमच्या वाट्याला आला. खिडक्या एवढ्या उंच, की खाली बसलं तर नुसतं आभाळ दिसतं. पोरांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून म्हणे! आणि स्टोव्हमागच्या भिंतीत तो सिमेंटचा काळा फळा. ह्यांनी रंगारी सांगून ठेवलाय. उद्या पांढरा होणार.

तर शेजारच्या आळीतल्या ताराबाई नातीला घेऊन आल्या. सोनं द्यायला आल्या असतील म्हणून मी पेढे काढले, तर त्या पायरीखाली चपला काढून थेट स्वयंपाकघरात! मी म्हटलं, "अहो, हे घर आहे आमचं."

"हाय ना," त्या म्हणाल्या. "पन दसऱ्याला पोरांची पयली पाटी आमी या फल्याखालीच पुजतो. शाला गेली, फला तर हाय!"

नातीने पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली, झेंडू वाहिला. मी दारातच उभी. तेवढ्यात ताराबाई वळल्या. "तुजी पोर कुठं हाय? तिला बी बसव."

या गावात आल्यापासून आम्हाला 'बस' म्हणणारं हे पहिलंच माणूस.

तीन वर्षांच्या आमच्या मिनूने पाटी घेतलीच नाही. सरळ फळ्यावर एक वाकडा एक काढला.

ह्यांना अजून सांगितलं नाही. पण फळ्यावर फोडणी उडायला नको, म्हणून स्टोव्ह समोरच्या भिंतीला हलवलाय.