सर्वानुमते मंजूर झालेला स्लॅब

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

मु. पो. नांदूरघाट, ता. केज
वैशाख शुद्ध नवमी

तीर्थरूप विरुपाक्ष अप्पांच्या पायांशी त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा गुरुलिंग याचा शरणार्थ.

इकडे सगळं खुशाल आहे, म्हणजे दुष्काळात जेवढं असावं तेवढं. आपल्या गुडघ्याचं कसं काय? तेल लावता, की नुसतीच बाटली बघता? वहिनींना शरणार्थ. महानंदाची प्रकृती मी विचारत नाही, कारण ती रागात असली की तिची प्रकृती उत्तम असते. ती माहेरी आल्यापासून माझं इथं काही अडलेलं नाही, हेही तिच्या कानावर घालावं.

भांडणाचं मूळ आपण डोळ्यांनी बघितलंच आहे. येळवशीच्या सणाच्या आदल्या दिवशी आंबिलाचं मडकं भरून ठेवलं आणि वरून माळवदाची माती त्यात पडली, मातीसोबत विंचूही पडला. (तो चिमट्यानं आपणच काढला होता, म्हणून जास्त लिहीत नाही.) अकरा वर्षं त्या माळवदाला मी हात लावला नव्हता, हे कबूल. दुकानातून वर बघायला सवड कुणाला असते? पण महानंदा निघाली ती असं म्हणूनच निघाली, की डोईवर पक्कं छत होईस्तोवर मी ह्या घराचं पाणी पिणार न्हाई. म्हणून मी घर करायला काढलं आणि गुत्तेदार म्हणून उत्तरेश्वरला बोलावलं.

उत्तरेश्वर आमच्या गावच्या सोसायटीचा चेअरमन. माणूस कामाला चांगला, पण यंदा पेरा नाही, म्हणून सोसायटीत सभा नाही, आणि सभेवाचून त्याला करमत नाही. ती सगळी हौस त्यानं आमच्या घरावर भागवली. रोज सकाळी घमेली पालथी घालून सगळे बसायचे. दरवाजा कुठं, कोनाडे किती, प्रत्येकाचा ठराव, सूचक, अनुमोदक, हात वर. मतं पाच : उत्तरेश्वर, बंकट मिस्त्री, बायनाबाई आणि तिची जाऊ (दोघी बिगारी), आणि मी. घर माझं असताना मला एकच मत कावून, असं मी विचारलं. तो म्हणाला, "गुरुलिंगशेठ, साखर कारखान्याचे सभासद हजारांनी हायेत, त्यांला कोण इचारतंय? तुमाला तर मत दिलंय."

पूर्वेचा दरवाजा मी एकास चार मतांनी हरलो. तो उत्तरेला झाला, कारण तिकडं लिंबाची सावली आहे आणि बायनाबाईला दुपारची भाकरी दारात बसून खायची असते. मोरीच्या ठरावावर मात्र ती इतकं चांगलं बोलली की मीच अनुमोदन दिलं. (मोरी आता स्वयंपाकघरापेक्षा मोठी झाली आहे.)

असं करत करत स्लॅब टाकून झाला. नवा स्लॅब एकवीस दिवस पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो, हे मी आपल्याला काय सांगावं, केजला आपण परवाच्या साली टाकलाय. उत्तरेश्वरनं चार ठिकाणी हातापाया पडून एक टँकर मिळवला, वर वाळू-सिमेंटची आळी केली आणि वीतभर पाणी भरलं. गावच्या विहिरीत त्या दिवशी खडक दिसत होता. उघड्यावर उभं पाणी सगळ्या गावात एकाच जागी होतं, आणि ते माझ्या डोक्यावर होतं.

आधी चिमण्या आल्या. मग शेजारची कडूबाई शिडीनं वर आली. कडेवर घागर, आणि म्हणते, चिमण्या बघाया आलते. दारात पाण्याला आलेल्याला नाही म्हणायची रीत आपल्यात नाही. शिडीवर आलेल्याला म्हणावं की नाही, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शिडीला रांग लागली. तिसऱ्या दिवशी स्लॅब खडखडीत आणि कोपऱ्यात केसाएवढी तड.

मी उत्तरेश्वरला म्हटलं, आता शिडी काढ. त्यानं सभा बोलावली. विषय : वरचं पाणी कुणाचं. एकास एकेचाळीस मतांनी ते गावाचं ठरलं. प्रोसिडिंगात त्यानं 'सर्वानुमते' लिहिलं. माझा विरोध होता, हे मी सांगितलं, तर म्हणाला, "शेठ, एका मतापायी चांगला कागुद कावून खराब करायचा?"

आता दुसरा टँकर आठ दिवस मिळत नाही. तोवर ती तड वाढली, तर नवा स्लॅब टाकायला या साली पाणी कुठलं? आणि स्लॅब नाही तर महानंदा नाही. तेव्हा तिला एवढंच कळवावं की घर तयार आहे, ये. तडीचा विषय काढू नये.

आपला
गुरुलिंग

ता. क. – वर 'काही अडलेलं नाही' असं लिहिलंय, ते तिच्या कानावर घालू नये. चार महिने एकटा पिठलं खातोय. लई अडलंय.

ता. क. दुसरा – पत्र टाकायला निघालो, तर जीपमधून महानंदाच उतरली. बाजाराला जाते म्हणून ती आपल्याकडून निघाली म्हणे, तर शोधत असाल तर शोधू नका. नवऱ्याच्या घरावर पाणी आहे आणि तो ते गावाला वाटत बसलाय, हे तिला केजच्या बाजारात कळलं. माझ्याशी न बोलता ती शिडीवर चढली, तड बघितली, पदर खोचला आणि सभा न घेताच ठराव केला : ज्यांनी ज्यांनी घागर नेली, त्यांनी आंघोळीचं नाहीतर भांडी घासलेलं घागरभर पाणी रोज संध्याकाळी वर आणून ओतायचं. मत घ्यावं का, असं उत्तरेश्वरनं विचारलं. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसा त्यानं हात वर केला. संध्याकाळपर्यंत अडतीस घागरी आल्या. स्लॅबला खरकट्याचा वास येतोय, पण तो ओला आहे.

ता. क. तिसरा, आणि हा तिला दाखवू नये – खाली आल्यावर उन्हाच्या तडाख्यानं ती रांजणातलं तांब्याभर पाणी प्याली. ते ह्याच घराचं पाणी, पण मी आठवण दिली नाही. तीच बोलली. म्हणाली, "चार महिन्यांत एकदा न्यायला आला असता, तर इंचवासकट माळवदाखाली राह्यले असते." अप्पा, मी समजत होतो की आधी छत करायचं, मग न्यायला यायचं. हे मला कुणी आधी सांगितलं का नाही?

आता म्हणते, मी नांदाया न्हाई, पाणी घालाया आले, स्लॅब पक्का झाला की केजला परत. एकवीस दिवसांचा उत्तरेश्वरचा शब्द तिला पटत नाही, आणि माझा तर नाहीच. म्हणून आपला स्लॅब पक्का व्हायला किती दिवस लागले, हे ती आपल्यालाच पत्रानं विचारणार आहे. आपण जन्मात खोटं बोलला नाहीत, हे मला माहीत आहे. वर्ष लागलं, असं लिहा.