सोन्याचा केर

३ जानेवारी
आले बाई जळगावला! नातवाला मांडीवर घेतलं तर पठ्ठ्यानं आधी माझा चष्माच ओढला. सूनबाई ऋतिका म्हणाली, आता माझी सुटका. लबाड! खोली एकच, पण लख्ख. माझा लेक नवीन सोनारांच्या दुकानांतला केर विकत आणतो. धुऊन त्यात पारा कालवतो. पारा सोन्याचे कण धरतो. गोळा शेगडीवर तापवला की पारा उडून जातो, सोनं राहतं. त्याच शेगडीवर माझा चहा! आमच्याकडे अमळनेरला केर उंबऱ्याबाहेर जातो, इथं घरचा केरसुद्धा डब्यात, पाळण्याखाली. बठ्ठा सोन्याचा शे म्हणे, सगळाच्या सगळा!

९ जानेवारी
खिडकी उघडली तर नवीन अंगावर आला. वाऱ्यानं कण उडतात म्हणे. जन्मात मला उलट बोलला नव्हता! मी म्हटलं, पंखा बंद, खिडकी बंद, तोंडही शिवून घेते. ऋतिका हसली, मग तिनंच ताट आपटलं. सगळ्यांनाच इतका राग कसा येतो? तोंडाला कशी कळकलेली, पितळी चव.

१५ जानेवारी
बाळाच्या हिरड्या सुजल्या, तळवे लालभडक. दात येत असतील, असं मीच म्हणत होते. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात काम काय चालतं? सांगितलं तर भडकल्याच. पाऱ्याची वाफ दिसत नाही, म्हणाल्या, श्वासातून अंगात जाते. बाळाला आजच बाहेर काढा, आणि पुढं काय होतं ते लिहून आणा. नवीन म्हणतो, माझे उस्ताद म्हातारे झाले तरी करतात. मी म्हटलं, त्यांची बशी बघ, चहा तोंडात जातो की धोतरावर?

१७ जानेवारी
डबा रस्त्यात ओतला मी. नवीननं धुळीसकट झाडून आणला. पुन्हा पाळण्याखाली! लाज नाही मेल्याला. अमळनेरला घेऊन जाते म्हटलं, तर म्हणतो, एवढा गोळा होऊ दे, माय.

१८ जानेवारी
शेगडी पेटलीय. बाळ रडतच नाही — डोळे उघडे, नुसतं बघतंय. ऋतिकानं उचललं, हात थरथरले, तसंच खाली ठेवलं. म्हणाली, आई, तुम्ही घ्या. माझे हात — अक्षर बघा, डॉक्टरीणबाई —
पदरानं पोटाशी बांधलंय त्याला. जाते.
नवीन दारात. दार उघडू नको, वारा येईल, ओरडतोय. हातात पाऱ्याच्या गोळ्याचं तापलेलं भांडं — खडखडतंय —
अरे, तुझं लेकरू आहे पदरात — मागे हो — नवीन, ते भांडं आधी