पाचव्या जागेचा निःपक्षपाती परीक्षक

३ मार्च, सकाळी ८
वाहिनीच्या संपादकांचा फोन. निवडणुकीच्या वादचर्चेत कोणते पक्ष बोलवायचे, हे ठरवणाऱ्या समितीवर मला घेतले आहे. मी चाळीस वर्षे व्यासपीठे गाजवली हे कुणाला तरी आठवले म्हणायचे. बायको म्हणाली, आधी दोघांनी नाही म्हटलं असेल. संपादकांना सहज विचारले. तिघांनी म्हटले होते.

५ मार्च
समितीची पहिली बैठक. वाहिनीच्या इमारतीत, मेकअपच्या खोलीत, कारण बाकीच्या खोल्या रिकाम्या नव्हत्या. आरशांसमोर आम्ही तिघे: निवृत्त न्यायाधीशबाई, संख्याशास्त्राचे प्राध्यापक आणि मी. चार मोठे पक्ष जनमत चाचणीतल्या टक्क्यांवर आधीच आत आलेले. त्यांच्या दोन नेत्यांना आपण सध्या कोणत्या पक्षात आहोत हे घरून निघताना विचारावे लागते, पण टक्के आहेत. उरली पाचवी जागा. ती सात लहान पक्षांपैकी एकाला. तेवढी आम्ही ठरवायची.

मी टक्क्यांवर तुटून पडलो. ज्याला कुणी ऐकलेच नाही त्याला टक्के मिळणार कुठून? आणि टक्के नाहीत म्हणून त्याला ऐकवायचेच नाही, असे असेल तर निवडणूक तरी कशाला घ्यायची? समोर आरसा असल्याने बोलायला फार बरे वाटले. चाळीस मिनिटे. प्राध्यापक मध्ये जाऊन चहा पिऊन आले.

संकल्प: यापुढे बैठकीत दोन मिनिटांच्या वर बोलायचे नाही.

५ मार्च, संध्याकाळ
त्या सात पक्षांत एक माझ्या लेकीचा आहे. हे बैठकीत सांगायचे राहिले. वेळच उरला नाही.

तिला मी लहानपणी ठिणगी म्हणायचो, भाषण करायलाही मीच शिकवले. आता चौतीस वर्षांची आहे, पक्ष काढून दोन वर्षे झाली. कार्यकर्ते तेरा होते, आता अकरा. ती म्हणते, टीव्हीवर दिसलो नाही तर आपण उभे आहोत हेच लोकांना कळत नाही. ही जागा गेली तर उरलेलेही जातील आणि पक्ष गुंडाळावा लागेल.

जानेवारीत तिला चौदा पानी जाहीरनामा लिहून दिला. थँक्यू बाबा, वाचते, म्हणाली. तिच्या सभेला मात्र मी कधी गेलेलो नाही. मी गेलो तर लोक माझ्याकडेच बघत बसतील.

८ मार्च
समितीला नाते सांगितले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, मग तुम्ही या कामातून बाजूला व्हा. मी म्हणालो, बाजूला होणे हा भित्र्यांचा निःपक्षपातीपणा. त्यापेक्षा नावे झाका. प्रत्येक पक्षाने आपली भूमिका दोन पानांत पाठवावी, नावांवर काळ्या पट्ट्या माराव्यात. प्रत्येक सदस्याने वीसपैकी गुण द्यावेत, लेखी शेरा द्यावा आणि सगळे वेबसाइटवर टाकावे. जनतेला कळू दे.

सगळे मान्य झाले. बाईंनी विचारले, मुलीचं लिखाण ओळखलंत तर? मी म्हणालो, डोळे मिटून घेईन. प्राध्यापक म्हणाले, मग गुण कसे देणार?

एकूण बोललो सव्वीस मिनिटे. पण यात बाईंचा प्रश्नही धरलेला आहे.

९ मार्च
लेक जेवायला आली होती. या विषयावर एक अक्षर बोलायचे नाही असे ठरवले होते. बोललो नाही. फक्त एवढेच सांगितले की सुरुवात आगीने करावी, शेवटी प्रश्न टाकावा, महत्त्वाचा शब्द तीनदा घ्यावा आणि इतिहासाला हाक मारल्याशिवाय खाली बसू नये. ती म्हणाली, पानं सकाळीच पाठवली बाबा, आणि तुम्ही परीक्षक आहात, पाण्याचा तांब्या द्या इकडे.

बायको म्हणाली, तिच्या पानांत काय आहे ते तरी विचारा. मी म्हणालो, विचारणे नियमात बसत नाही. आणि खरे तर विचारायची गरजच नाही. चौदा पाने मीच लिहिली आहेत.

१२ मार्च
पाने आली. सात संच, प्रत्येकाला एक अक्षर. सकाळीच बसलो.

‘ख’ने स्वतःचे नाव इतक्या वेळा घातले आहे की पट्ट्या मारून पान झेब्र्यासारखे दिसते. ‘घ’ला सगळ्यांना सगळे फुकट द्यायचे आहे, देणार कोण ते तिसऱ्या पानावर असावे. तिसरे पान नाही.

‘च’: सकाळी सहा चाळीसची बस बंद झाली. त्या बसने चौपन्न माणसं कामाला जायची. आता ती सात दहाची धरतात आणि रोज उशिराचा शेरा घेतात. पहिल्या पानावर अशा अकरा बस. दुसऱ्या पानावर त्या परत कशा सुरू करायच्या. इतिहास नाही, उपमा नाही, एक साधा ‘बंधुभगिनींनो’ नाही. शेरा लिहिला: हे भाषण नव्हे, वेळापत्रक आहे. भाषण म्हणजे काय, हे या लेखकाला कुणी शिकवलेले दिसत नाही. गुण २.

मग ‘ग’. पहिलीच ओळ: इतिहासाच्या उंबरठ्यावर उभे राहून आम्ही भविष्याचे दार ठोठावत आहोत. हे वाक्य माझे. चौदा पानांतले. पुढे ज्वालामुखी, त्यापुढे गरुड, तेही माझेच. चष्मा पुसावा लागला. शेवटी पेटली ठिणगी.

डोळे मिटायचे ठरले होते, मिटले. पण तोवर वाचून झाले होते. गुण १९. एक गुण निःपक्षपातीपणासाठी कापला.

१५ मार्च
बेरीज झाली. ‘ग’ला अडतीस, ‘च’ला सदतीस. बाकी पाच फार मागे. न्यायाधीशबाईंनी ‘च’ला सतरा दिले होते, प्राध्यापकांनी अठरा. बसवर. माझा कागद बाईंनी बराच वेळ हातात धरला आणि विचारले, पुन्हा एकदा बघायचंय का? मी म्हणालो, परीक्षकाची लेखणी मागे फिरत नाही. बाई म्हणाल्या, बरं.

लिफाफे उघडले. ‘ग’ म्हणजे छत्र्यांचा कारखानदार. पक्षात तो, त्याचा मेहुणा आणि गाडीचा ड्रायव्हर.

‘च’ कोण ते मी विचारले नाही. बाईंनी सांगितले.

संध्याकाळी
संपादकांना विचारले, छत्रीवाल्याकडे ती वाक्ये आली कुठून? ते म्हणाले, रद्दीच्या दुकानात त्याला भाषणांचं एक जुनं पुस्तक मिळालं, तो अभिमानाने सगळ्यांना सांगतो. पुस्तक माझे. त्यातली चांगली वाक्ये मी जाहीरनाम्यात पुन्हा घेतली होती. रद्दीत प्रत गेली म्हणजे कुणीतरी वाचून संपवली असणार.

१६ मार्च, सकाळी ९
मार्ग निघेल. संपादकांना पत्र लिहिले: फेरतपासणी घ्या. ते म्हणाले, गुण आणि शेरे कालच वेबसाइटवर टाकले, तुम्हीच घाई केली होती. न्यायाधीशबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, नियम कुणाचे होते? बायको इस्त्री करत होती. एकाच बाहीवरून तीनदा फिरवली.

संकल्प: लेकीने वेबसाइट बघण्याआधी आपणच सांगायचे. थोडक्यात.

१६ मार्च, दुपारी १
थोडक्यात सांगायची तयारी करायला दोन तास लागले. फोन केला तर उचलला नाही. मग तिचा मेसेज आला. तिने लिहिले होते, शिकवलं होतं, बाबा. बारा वर्षं शिकवलं होतं.

मी तीनदा उत्तर लिहिले. तिन्ही लांब झाली.

२० मार्च
संध्याकाळी वादचर्चा. त्याच वेळी लेकीची सभा, बस डेपोच्या मागच्या मोकळ्या जागेत. ती घ्यायची आणि मग पक्षाचे काय करायचे ते ठरवायचे, असे तिच्या लोकांचे ठरले होते. बायको म्हणाली, मी टीव्ही बघते, तुम्ही तिकडे जा. गेलो. माझ्याकडे कुणी बघितले नाही.

एकतीस माणसे. माइक खरखरत होता, तिने बंद करून टाकला. नऊ मिनिटे बोलली. वेळापत्रकच. एक बाई उठून म्हणाली, सात दहाची पण आता पंचवीसला येते. लेकीने लिहून घेतले. मग आणखी चौघे उठले. कुणी निघून गेले नाही. मी हात वर केला. ती म्हणाली, प्रश्न असेल तर विचारा बाबा, भाषण नको. मी विचार केला. प्रश्न नव्हता. हात खाली घेतला.

बायकोचा फोन आला. छत्रीवाला अगदी तुमच्यासारखा बोलला, म्हणाली. टीव्ही बघायला आलेले शेजारी उठून गेले, म्हणाली.

सभेनंतर अकराजण कोपऱ्यात उभे राहून बोलले. मतदानापर्यंत तरी चालू ठेवायचे ठरले. मी मत द्यायला पुढे सरकलो, तर लेक म्हणाली, खुर्च्या टेम्पोत चढवायला माणूस कमी आहे.

एका वेळी दोन अशा वाहिल्या. मध्येच इतिहासाबद्दल एक फार चांगले वाक्य सुचले. पण खुर्च्या घेऊन चालताना बोलता येत नाही, दम लागतो. शेवटी टेम्पोला टेकलो.

लेक म्हणाली, अजून दोन राहिल्यात तिकडे, बाबा.

आणल्या.